फळं चिरण्याचा क्रम

फ्रूट सॅलड येतं का, असं कोणी कोणाला विचारत नाही. ते सगळ्यांना येतंच, असं धरून चाललेलं असतं. गॅस पेटवायचा नाही, काही करपायचं नाही, उतू जायचं नाही. फळं चिरायची आणि भांड्यात टाकायची. त्यामुळे घरात स्वयंपाकाची कामं वाटली जातात तेव्हा हे काम हमखास अशा माणसाकडे जातं, ज्याच्यावर बाकी कशाचाच भरवसा नसतो. मग वाडगा समोर येतो तेव्हा केळं तपकिरी झालेलं असतं, सफरचंदाच्या फोडी तोंडात मावत नाहीत, संत्र्याची बी नेमकी दाताखाली येते आणि तळाशी फिकट, बेचव पाणी साचलेलं असतं. तरी सगळे ‘छान झालंय’ म्हणतात. फळांना नावं कशी ठेवायची?

मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि म्हणूनच त्याबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. शिजवलेल्या पदार्थात सावरून घ्यायला जागा असते. पातळ झालं तर आटवता येतं, कच्चं राहिलं तर आणखी पाच मिनिटं झाकण ठेवता येतं. आचेवर सगळे जिन्नस एकमेकांत मिसळतात आणि कोणाचं काय कमीजास्त होतं ते कळेनासं होतं. इथे तशी सोय नाही. प्रत्येक फळ आपल्या गुणदोषांसकट थेट खाणाऱ्याच्या तोंडात जातं. शिवाय सुरी लागली की प्रत्येकाची मुदत सुरू होते आणि ती मुदत सारखी नसते. डाळिंबाचे दाणे तासन्‌तास जसेच्या तसे राहतात, संत्र्याला घाई नसते, सफरचंद काही मिनिटांत रंग बदलू लागतं आणि केळं तर आपण दुसरीकडे बघितलं की मऊ पडतं. या सगळ्यांना ऐन भरात असताना एका वाडग्यात गाठायचं, यातच सगळं कसब आहे. फळांचं प्रमाण जवळजवळ कसंही चालतं. क्रम मात्र चुकून चालत नाही.

हा क्रम सुरी हातात घेण्याच्या दोन-तीन दिवस आधीच सुरू होतो. काही फळं तोडल्यानंतरही पिकत राहतात: केळं, आंबा, पपई, चिकू, किवी, पेअर. ती इथिलीन नावाचा वायू स्वतःच सोडतात आणि त्याच वायूमुळे आणखी पिकतात. म्हणून दगडासारखं किवी पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवलं की लवकर मऊ होतं. द्राक्षं, संत्री, अननस, डाळिंब, कलिंगड, स्ट्रॉबेरी यांचं तसं नाही. ती झाडावरून किंवा वेलीवरून उतरली की त्यांची गोडी तिथेच थांबते. आंबट द्राक्षं ‘चार दिवसांत पिकतील’ म्हणून टोपलीत ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत. ती द्राक्षं चार दिवसांत सुकतात, पिकत मात्र नाहीत. तेव्हा पहिल्या गटातली फळं थोडी आधी आणि किंचित कच्ची घ्यावीत, दुसऱ्या गटातली शक्यतो त्याच दिवशी, चव बघून. केळं सॅलडसाठी पूर्ण पिवळं पण टणक हवं. सालीवर तपकिरी ठिपके आलेलं केळं नुसतं खायला फार गोड लागतं, पण चमचा फिरवला की त्याचा लगदा होतो. त्याला रोखण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवलं तर साधारण 13 अंश सेल्सियसच्या खाली त्याची साल काळी पडते. आतला गर बऱ्याचदा चांगला असतो, पण ती काळी साल पाहून घरातलं कोणीतरी ते टाकून देतं, हा भाग वेगळा.

धुण्याविषयी एक गोष्ट सांगून पुढे जाते. साल काढायचीच आहे मग धुवायचं कशाला, हा युक्तिवाद चुकीचा आहे. सुरी सालीतून आत जाते आणि सालीवर जे काही असेल ते गरापर्यंत घेऊन जाते. खरबुजाच्या खरखरीत, जाळीदार सालीत हा धोका सगळ्यात जास्त. 2011 मध्ये अमेरिकेत खरबुजांतून लिस्टेरिया या जिवाणूची साथ पसरली आणि 33 माणसं दगावली. खरबुजाचा गर आंबट नसतो, त्यामुळे तो चिरल्यावर जिवाणूंना फावतं, आणि लिस्टेरिया तर फ्रिजमधल्या थंडीतही हळूहळू वाढत राहतो. म्हणून फळ अख्खं असतानाच वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं, जाड सालीचं असेल तर ब्रशने घासायचं. साबण नको. द्राक्षांवरचा पांढुरका थर पाहून काहीजण घाबरतात आणि तो निघेपर्यंत घासत बसतात. तो बहुतेक वेळा त्या फळाचंच नैसर्गिक मेण असतं. धुतल्यावर फळं फडक्यावर पसरून कोरडी होऊ द्यायची. ही पायरी सगळे गाळतात, आणि तळातल्या त्या बेचव पाण्याचा निम्मा उगम इथेच असतो.

आता चिरायला घ्यायचं. मी सुरुवात डाळिंबापासून करते, कारण त्याला वेळ लागतो आणि त्याचं काही बिघडत नाही. डाळिंब आडवं मधोमध कापलं की दाणेही कापले जातात आणि सगळा ओटा लाल होतो. त्याऐवजी वरचा मुकुट असलेला भाग टोपीसारखा तिरका कापून काढायचा. आत पांढऱ्या पापुद्र्यांच्या रेषा मध्यापासून कडेकडे जाताना दिसतात. बाहेरून सालीला त्या रेषांवर उभ्या चिरा द्यायच्या, आतपर्यंत न जाता, आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच उकलायचं. फळ आपणहून आपल्या शिवणीवर उघडतं. मग ते तुकडे पाण्याने भरलेल्या पातेल्यात धरून पाण्याखालीच दाणे सुटे करायचे. दाणे जड, ते तळाला जातात. पांढरा पापुद्रा हलका, तो वर तरंगतो आणि हाताने अलगद काढून टाकता येतो. रस अंगावर उडत नाही, कपड्यांवर डाग पडत नाहीत. चाळणीत ओतून दाणे निथळत ठेवायचे आणि तिकडे बघायचंही नाही. ते शेवटी लागणार आहेत. डाळिंबाचा लाल रंग पाण्यात विरघळणाऱ्या अँथोसायनिनचा असतो. आधीच मिसळलं आणि एखादा दाणा फुटला की केळं आणि पेअर गुलाबी होऊन बसतात. लाल गराचं ड्रॅगन फ्रूट याहून अवखळ. त्याचा रंग बीटाच्या जातीतला, आणि वाडग्यात एक फोड पडली तरी दहा मिनिटांत सगळ्यांचा रंग एक. मला ते दिसायला आवडत नाही, म्हणून मी घालत नाही. ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल घालावं.

दुसरा नंबर संत्र्याचा, आणि इथे मी हट्टी आहे. संत्र्याच्या फोडी नुसत्या सुट्या करून टाकल्या तर वरचा पापुद्रा तोंडात चिवट लागतो, चावून चावून चोथा उरतो आणि खाणाऱ्याला तो कुठे ठेवावा कळत नाही. त्यातून बिया राहिल्या तर कडवटपणा वेगळाच. संत्र्याच्या बियांमध्ये आणि पापुद्र्यात अशी द्रव्यं असतात की रस थोडा वेळ राहिला की कडू होत जातो. तेव्हा प्रत्येक फोड घ्यायची, तिच्या आतल्या बाजूची, जिथे बी असते ती सरळ कड नखाने किंवा कात्रीने कातरायची, पापुद्रा पुस्तकासारखा दोन्हीकडे उघडायचा आणि आतला गर सोडवून घ्यायचा. गराचे ते छोटे छोटे रसकोश एकमेकांना धरून सुटे होतात तेव्हा मला अजूनही बरं वाटतं. काही फोडी मोडतात, रस हातावरून मनगटापर्यंत ओघळतो. मोडू दे, ओघळू दे, फक्त ते सगळं ज्या मोठ्या वाडग्यात सॅलड करायचं आहे त्याच वाडग्यावर हात धरून करायचं. तळाशी साचलेल्या त्या रसात अर्ध्या लिंबाचा रस पिळायचा. आता वाडगा सफरचंदासाठी तयार आहे. संत्रं सफरचंदाच्या आधी सोलायचं ते यासाठी.

मधे अननस येतो. अननसाच्या बाबतीत लोकांचा संयम लवकर सुटतो. साल काढताना डोळे निघेपर्यंत जाडच्या जाड गर कापून टाकतात. नीट पाहिलं तर हे डोळे तिरक्या ओळींत बसलेले असतात. एका दिशेने मोजल्या तर बहुधा 8 ओळी, उलट दिशेने 13. साल पातळ काढायची आणि मग या तिरक्या ओळींना धरून दोन्ही बाजूंनी उतरती सुरी घालत चर काढत जायचे. एका चरात तीन-चार डोळे एकदम निघतात आणि गर वाचतो. अननसाचा खालचा भाग शेंड्याकडच्या भागापेक्षा गोड असतो, म्हणून फोडी दोन्हीकडच्या मिसळून घ्याव्यात. मधला दांडा काहींना आवडतो, माझ्या मते तो चिरणाऱ्याने चघळावा.

आणि द्राक्षं. ती अर्धी करायची की अख्खी ठेवायची यावर घराघरात दोन पक्ष असतात. अख्खं द्राक्ष चमच्यातून निसटतं आणि त्याला बाकीच्या फळांचा रस लागतच नाही, म्हणून मी अर्धं करणाऱ्यांच्या पक्षात. खाणाऱ्यांत लहान मूल असेल तर मात्र हा आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही: द्राक्षं उभी चिरून चार भाग करावीतच, कारण अख्खं द्राक्ष छोट्या घशात घट्ट अडकतं. द्राक्षाएवढा आकार हेच बाकी सगळ्या फोडींचं माप धरायचं. एका चमच्यात तीन वेगवेगळी फळं बसली पाहिजेत, नाहीतर प्रत्येक घासाला एकच फळ तोंडात येतं, आणि मग एवढा खटाटोप करून ती एकत्र केली कशाला?

पपई, आंबा, चिकू, किवी हे मऊ लोक यानंतर. त्यांच्या फोडी जरा मोठ्या ठेवायच्या आणि वरून घालायच्या, ढवळायच्या नाहीत. कलिंगड मी या सॅलडमध्ये घेत नाही. त्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते चिरल्यापासून पाझरत राहतं आणि इतरांच्या चवी धुऊन काढतं. कलिंगडाने स्वतंत्र राहावं, त्यातच त्याचा मान आहे.

सफरचंद सगळ्यात शेवटून दुसरं. चिरायचं आणि फोडी पाटावर न ठेवता थेट त्या संत्र्या-लिंबाच्या रसात पाडायच्या, पाडल्या की हलवायच्या. सफरचंद पाण्यावर तरंगतं, कारण त्याच्या आकारमानाचा जवळजवळ पाव भाग नुसती हवा असते. म्हणूनच फोडी रसातही वर वर येतात आणि वरची बाजू कोरडी राहते. मधूनमधून उलथत राहायचं. एकदा माझी भाची हे बघत शेजारी उभी होती. द्राक्षं चिरायचं काम तिला दिलं होतं, त्यामुळे द्राक्षं कमी कमी होत होती.

‘‘मावशी, सफरचंद लगेच काळं का पडतं? द्राक्षं तर नाही पडत.’’

‘‘पडायला द्राक्षं उरली तर पाहिजेत.’’

‘‘सांग ना गं!’’

तिला सांगितलं ते असं. सफरचंदाच्या प्रत्येक पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. एकीकडे फिनॉल जातीची द्रव्यं, दुसरीकडे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम. फळ अख्खं आहे तोवर त्यांची गाठ पडत नाही. सुरी फिरली की मधल्या भिंती फुटतात, दोघं एकत्र येतात, वरून हवेतला ऑक्सिजन मिळतो, आणि फिनॉलचं रूपांतर होत होत शेवटी तपकिरी रंगद्रव्य तयार होतं. केळ्यात तर या कामाला डोपामिन मिळतं, ज्याचं नाव आपण मेंदूच्या संदर्भात ऐकतो तेच. बोथट सुरीने चिरलं तर जास्त पेशी चेंगरतात, म्हणून जास्त तपकिरी. सुरीला धार लावणं हा या पदार्थातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. आणि लिंबू दोन बाजूंनी मदत करतं. त्याच्या आंबटपणात ते एन्झाइम जवळपास निकामी होतं, आणि त्यातलं क जीवनसत्त्व रंग धरायच्या आधीच ती प्रक्रिया मागे फिरवत राहतं, स्वतः संपेपर्यंत. म्हणून लिंबू लावलेलं सफरचंदही तासाभराने, दोन तासांनी रंग बदलतंच. मुदत फक्त वाढते. ज्यांना लिंबाचा आंबटपणा नको असेल त्यांनी कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात फोडी दहा मिनिटं ठेवाव्यात आणि साध्या पाण्यातून काढाव्यात. मिठानेही ते एन्झाइम मंदावतं, आणि खारट लागत नाही.

‘‘म्हणजे ते खराब झालेलं नसतं?’’ भाचीने विचारलं.

नसतं. चहाच्या पानांचा काळा चहा होतो तोही याच जातीच्या एन्झाइममुळे. पानं मुद्दाम चुरगाळून हवेत ठेवली जातात. तपकिरी फोड बिनधास्त खावी. पण वाडगा पाहून तोंडाला पाणी सुटणं हाही खाण्याचा भाग आहे, आणि तपकिरी केळ्याकडे पाहून ते सुटत नाही.

या तपकिरी रंगाच्या मागे एक मोठी कथा आहे आणि ती मला सफरचंद चिरताना नेहमी आठवते. हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना असाच प्रश्न पडला होता: काही फळं आणि वनस्पती दुखावल्यावर तपकिरी होतात, लिंबू-संत्रं का होत नाही? त्या रसात असं काहीतरी होतं जे रंग धरायला उशीर लावत होतं. त्याचा माग काढता काढता 1928 पर्यंत त्यांनी एक नवं द्रव्य वेगळं केलं, तेही फळांबरोबर चक्क प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतून. पुढे हंगेरीतल्या सेगेड शहरात काम करताना तेच क जीवनसत्त्व असल्याचं स्पष्ट झालं. प्रयोगांसाठी ते मोठ्या प्रमाणावर हवं होतं आणि मिळत नव्हतं. एका रात्री जेवायला लाल पॅप्रिका मिरची होती, ती खायची त्यांना इच्छा नव्हती. बायकोला तसं सांगण्यापेक्षा ही अजून तपासलेली नाही असं निमित्त काढून ते ती प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळलं की ती क जीवनसत्त्वाची खाण आहे. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. 1937 मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. ताटातली नावडती भाजी टाळण्याचा इतका फलदायी प्रकार माझ्या तरी ऐकिवात नाही. भाचीला ही गोष्ट फारच आवडली आणि पुढे तिने तिचा सोयीस्कर उपयोगही केला.

केळं अगदी शेवटी. वाडगा टेबलावर जायच्या आधी, माणसं बसल्यावर. गोल चकत्या, फार पातळ नाहीत.

आता वरून काय घालायचं. बहुतेकजण हात सैल सोडून साखर घालतात आणि मग अर्ध्या तासाने तळात पाणी कुठून आलं म्हणून विचारतात. साखर फोडींच्या बाहेर असते, रस आत असतो. साखर तो बाहेर ओढून घेते. फोडी आकसतात, मऊ पडतात. स्ट्रॉबेरीच्या बाबतीत हे मुद्दाम करतात, कारण तिथे तो लाल पाकच हवा असतो. पण सफरचंदाचा करकरीतपणा त्यात जातो. मीठही पाणी ओढतं, म्हणून चिमूटभर घालायचं ते वाढताना. मीठ कडवट चव दाबतं, त्यामुळे संत्र्याची किंवा मोसंब्याची गोडी उठून दिसते. काळी मिरी भरडून दोन चिमटी, पुदिन्याची पानं हाताने तोडून, बास. मध घालायचाच असेल तर तो आधी लिंबाच्या रसात विरघळवून घ्यावा, नाहीतर एका फोडीला चिकटून बसतो आणि ज्याच्या वाट्याला ती येते त्याची चंगळ.

काहींना दूध किंवा दही घातलेलं आवडतं. घालावं, पण अननस, किवी आणि पपई असतील तर जपून. अननसातलं ब्रोमेलिन, किवीतलं ॲक्टिनिडिन आणि पपईतलं पपेन ही प्रथिनं तोडणारी एन्झाइम आहेत. कच्च्या अननसाने जीभ चुरचुरते त्यातही ब्रोमेलिनचा हात असतो. दुधातल्या प्रथिनांवर ती काम करू लागली की तासाभरात चव कडू होत जाते, आणि दोष दुधाला दिला जातो. याच कारणाने ताज्या अननसाची जिलेटिन घालून केलेली जेली घट्ट होत नाही. डबाबंद अननसाने असं होत नाही, कारण डब्यात भरताना तो तापवलेला असतो आणि उष्णतेने एन्झाइम मोडतं. तेव्हा दूध घालायचं तर अननस हलका परतून गार करून घ्यावा, नाहीतर केळं, सफरचंद, द्राक्षं आणि डाळिंब एवढ्यावर भागवावं. त्या चौघांचं दुधाशी उत्तम जमतं.

किती गार वाढायचं, हाही वादाचा विषय. फ्रिजमधून काढल्या काढल्या वाढलेल्या सॅलडला वासच नसतो. फळाची चव म्हणून आपण जे अनुभवतो त्यातलं पुष्कळसं खरं तर नाकाला कळतं, आणि गार फळातून सुगंधी द्रव्यं हवेत उडत नाहीत. गंमत अशी की फळांमधली फ्रुक्टोज ही साखर स्वतः गार असताना जास्त गोड लागते, कारण थंडीत तिचे रेणू अधिक गोड लागणाऱ्या रचनेत जातात. म्हणजे फार गार केलं तर गोडी राहते आणि फळ कोणतं ते ओळखू येत नाही. फार कोमट राहिलं तर वास दरवळतो आणि चव सपाट लागते. मी वाडगा वाढायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवते. सकाळी नाश्त्याला करायचं असेल तर फळं रात्री अख्खी गार करते, चिरून ठेवत नाही.

फळं खाल्ली पाहिजेत हे सगळ्यांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं आणि भाज्या खायला सांगते. तरी टोपलीतली सफरचंदं सुरकुतत जातात, संत्री कडक होतात आणि घरातला प्रत्येक माणूस तिच्यावरून दिवसातून अनेकदा हात न लावता जातो. तीच फळं कोणीतरी चिरून समोर ठेवली की दहा मिनिटांत वाडगा रिकामा. अख्ख्या फळात खाण्याआधीचं एक काम असतं, आणि ते काम आपल्यासाठी दुसऱ्याने केलेलं असावं अशी लहानथोर सगळ्यांचीच इच्छा असते. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर फळं नेण्याची पद्धत आहे. त्यातली दोन तिथल्या तिथे चिरून देणारा माणूस विरळा. मला स्वतःला चिरलेलं फळ समोर आलं की ते आणणाऱ्याविषयी एकदम चांगलं मत होतं. त्या मताला बुद्धीचा आधार नाही, हे कळूनही ते होतंच.

त्यातही कोणी चिरलं हे फोडींवरून कळतं. काहींच्या फोडी अगदी मोजून-मापून, चौकोनी. काहींच्या घाईच्या, एक मोठी एक छोटी, गाभ्याचा कडक तुकडा तसाच राहिलेला. आणि काही माणसं चिरता चिरता प्रत्येक फळाची एक फोड तोंडात टाकतात. हे मी वाईट मानत नाही, उलट तसंच करायला हवं. कोणता पेरू तुरट आहे, कोणतं संत्रं पाणचट आहे, ते सुरी धरणाऱ्यालाच कळलं पाहिजे. पाणचट संत्र्याचा रस वाडग्यात जाऊ द्यावा, गर बाजूला ठेवावा. तुरट पेरूला मीठ लावून वेगळं खावं. एका आंबूस पपईने सगळा वाडगा बिघडतो आणि ती चाखल्याशिवाय दिसत नाही.

उरलंच तर झाकून फ्रिजमध्ये, 4-5 अंशांत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपवायचं. चिरलेली फळं बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नयेत. कडक उन्हाळ्यात एकच तास. त्याहून जास्त वेळ टेबलावर राहिलेलं असेल तर जिवावर आलं तरी टाकावं. केळ्याच्या चकत्या आधीच वेचून खाऊन घ्याव्यात, त्या दुसरा दिवस बघत नाहीत. आणि कोणी उशिरा येणार आहे हे ठाऊक असेल तर त्यांचा वाटा केळ्याशिवायच वेगळा काढून ठेवायचा, शेजारी एक न सोललेलं केळं आणि सुरी. ते त्यांनी आल्यावर स्वतः चिरून घ्यावं.